बायशात जेवायचं तर

बैस, मोमाद. तू नांपुलाचा,
तुम्हा उत्तरेकडच्यांना भूक सांगायची लाज.
सकाळपासून तीनदा विचारलंस, फेरी कधी,
आणि तिन्ही वेळा बघितलंस माझ्या डब्याकडं.
फेरी येईल तेव्हा येईल.
पलीकडं जायला पूल झाल्यापासून
तिला घाई नाही, मलाही.

बायशा म्हणजे खालचं गाव.
वरच्या वस्तीतले इथं पैसे मोजायला उतरतात
आणि जेवायला परत चढतात.
आपण खालचे. आपण खालीच जेवावं.

त्या काचेच्या हॉटेलात शिरू नकोस.
कोळंबी तीच, आपल्याच खाडीतली,
तिथं तिला बर्फावर निजवतात
आणि बिलात बर्फही धरतात.
मेनूकार्ड जेवढं जड, बशी तेवढी हलकी,
हे लक्षात ठेव, कुठल्याही बंदरात उपयोगी पडेल.

स्टेशनच्या घुमटाकडं पाठ कर.
बाजारात मागच्या दारानं जा;
पुढच्या दाराशी काजूचा भाव चेहरा बघून ठरतो.
सुक्या मासळीचा वास संपेल तिथं थांब.
लोक म्हणतात संपतच नाही.
संपतो. कोथिंबिरीपाशी.
तिथं एक पोरगा पावात बाद्जिया भरून देतो.
हा शब्द कुठल्याशा जहाजातून आलेला,
येताना आपलं पीठ तिकडंच विसरला,
मग इथली चवळी धरून राहिला.
आता त्याला कुणी परका म्हणत नाही.
गरम असताना खा. गार झाल्यावर तो नुसता पाव.

पण हे सगळं सकाळचं.
दुपारी, खरं जेवायचं असेल तर,
जुन्या कस्टमच्या भिंतीला लागून एक बाक आहे,
एका टोकाला बसलास की दुसरं टोक उचलतं,
म्हणून कुणीतरी येईपर्यंत मधोमध बस.
ती दोना फेलिझार्दा.
मंगळवारी मातापा: कसावाचा पाला,
शेंगदाण्याचं कूट, नारळाचं दूध, नशीब असेल तर खेकडा.
पाला पहाटे कुटलेला असेल तर ती काही बोलणार नाही.
कालचा असेल तर स्वतःच म्हणेल, आज मासा घे.
वाद घालू नकोस. मासा घे.
तिखट खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत असतं.
दोन थेंब.
तिसरा घेतलास तर पोर्तुगीज विसरशील,
संध्याकाळपर्यंत मकुवात आईला हाका मारशील.

आणि हो, माझं नाव सांगू नकोस.
चारशे ऐंशी मेटिकाल आहेत माझ्या नावावर,
त्याच भिंतीवर, कोळशानं लिहिलेले.
पावसानं पुसले की ती पुन्हा लिहिते,
थोडे वाढवूनच.

नाहीत असं नाही. हे बघ, खिशात आहेत,
मोजलेले, रबर लावलेले, जूनपासून.

गिल्येर्मे होता ना, क्रेनवरचा,
तू यायच्या आधीचा,
त्यानं फेब्रुवारीत सगळी उधारी फेडली,
भिंतीवरचं नाव स्वतः ओल्या फडक्यानं पुसलं.
नंतर आला नाही.
आठ दिवस कुणाला काही वाटलं नाही;
फिटलेल्या माणसाची वाट कोण बघतं.
दार तोडलं तेव्हा रेडिओ चालू होता म्हणे.

मी एक दिवस चुकलो
तर ती पोराला धाडते धक्क्यावर:
जा, बघून ये, तो अर्मिंदू पळाला की मेला?
पोरगा इथून ओरडून विचारतो.
मी इथून ओरडून सांगतो, अजून ठरलं नाही.
सगळी रांग हसते.

भोंगा वाजला. आता तू नीघ,
दीडनंतर पातेल्यात फक्त पळी वाजते.
तिनं विचारलंच, कुणी पाठवलं,
तर म्हण, भुकेनं.
आणि येताना त्या पोराकडून
एक पाव आण, बाद्जिया चार.
हे घे.
हे मात्र रोख.